सुनीताची दुसरी बॅग

माझी पोस्टिंग कुणी काढली नव्हती. मालक चंदीगडला युनिटमध्ये हुते. तिथनं ते अरुणाचलला गेले आन् त्यांची गाडी दरीत गेली. मी फॅमिली क्वार्टरमध्ये हुते, ती इथंच राहिले. पोरगं तवा पहिलीत हुतं. सरकारनं मला छावणीच्या हॉस्पिटलात नोकरी दिली. आधी वॉर्डात फरशी पुसली, मग लॅबला अटेंडंट केलं. शिक्षण चौथी. रिटायर होईस्तवर त्याच लॅबमध्ये हुते.

मी फौजी नव्हे. मला वर्दी नव्हती, निळी साडी हुती. पण हजेरी फौजेची, शिस्त फौजेची, आन् हातनं चूक झाली तर कुणाचा तरी जीव जाणार, हेबी फौजेचंच. मोहालीतल्या आपल्या मराठी बायका म्हणल्या, मावशी, तुमच्या ड्यूटीचं काहीतरी सांगा. म्या हो म्हणलं. नातू कॉम्प्युटरवर बसला हुता, त्यो हसला. "आज्जी, आप तो टेस्ट ट्यूब धोते थे ना?" म्हणलं, होय बाबा, तेच सांगणार हाय.

आमचे लॅबचे सुभेदार साहेब होशियारपूरचे सरदारजी. धिप्पाड माणूस, पण बोटं बाईसारखी हलकी. पहिल्या दिवशी त्यांनी मला ट्यूब धुवायला शिकवलं. म्हणले, "बहनजी, ट्यूब में साबुन रह गया तो खून झूठ बोलेगा." म्या घरी भांडी घासायची तशी घासली हुती. त्यांनी एक ट्यूब उजेडाला धरली, नाकाशी नेली आन् सगळ्या परत धुवायला लावल्या. साध्या पाण्यानं, मग साफ केलेल्या पाण्यानं, मग उलट्या करून वाळवायच्या. पुढं फेकायच्या ट्यूबा आल्या, तरी माझा हात नळाखाली जास्तीच राहायचा.

तुम्हांला वाटत असंल, बी पॉझिटिव्हला बी पॉझिटिव्ह रक्त दिलं की झालं. मलाबी तसंच वाटायचं. सुभेदार साहेब म्हणायचे, ग्रुप म्हंजी नुसती पलटण. एका पलटणीतल्या सगळ्यांचं एकमेकांशी जमतंच असं कुठं हाय? रक्तातल्या लाल पेशींवर ग्रुपाशिवाय आणखी लई खुणा असत्यात. कुणाला पूर्वी रक्त चढलेलं असंल, न्हाईतर बाई बाळंत झालेली असंल, तर परक्या खुणा अंगात जात्यात. काहींचं अंग त्या परक्या खुणांविरुद्ध हत्यार तयार करून ठेवतं. त्याला अँटीबॉडी म्हणत्यात. पुन्हा तीच खूण आत आली की हे हत्यार तिला फोडतं. मग माणसाला थंडी वाजती, कंबर भरती, लघवी लाल हुती, किडनी जाती. जीवबी जातो.

ते हत्यार हाय का न्हाई, हे रक्त द्यायच्या आधी बघायचं. हे आमच्या लॅबचं काम.

आधी हे ट्यूबमध्ये करायचे. पेशंटच्या रक्तातलं पिवळं पाणी घ्यायचं, त्यात दुसऱ्याच्या लाल पेशी घालायच्या, अंगाइतक्या ऊबेत ठेवायच्या. मग धुवायच्या, पुन्हा धुवायच्या, आन् त्यात कूम्ब्स नावाचं हिरवं पाणी टाकायचं. मशीनमध्ये फिरवून ट्यूब हळू हलवायची. दह्यासारख्या गुठळ्या दिसल्या तर भांडण. लाल पाणी सरळ पसरलं तर मैत्री. सुभेदार साहेब ट्यूब हलवताना श्वासबी धरून ठेवायचे.

पुढं कार्डं आली. औषधाच्या पाकिटाएवढं कार्ड, त्यात बारीक नळ्या, नळ्यांत जेली. पेशी वरून घालायच्या आन् कार्ड फिरवायचं. ज्यांचं जमलं त्या पेशी एकट्या एकट्या खाली सरकून तळाला बसायच्या. ज्यांचं भांडण झालं त्या एकमेकींना धरून वरच अडकायच्या, लाल पट्टी दिसायची. वर अडकलं तर नापास, तळाला गेलं तर पास. एवढं मला बघून समजायचं. त्याच्या पुढचं समजायचं न्हाई, आन् समजल्याचं सोंग म्या कधी केलं न्हाई. माझं काम सँपल आणायचं, बॅग पोचवायची.

बॅग द्यायची एक पद्धत हुती. सुभेदार साहेब बॅगेवरचं वाचायचे, ज्याला द्यायची त्याचा नंबर, रँक, नाव, ग्रुप. म्या मोठ्यानं तसंच म्हणायचं. वॉर्डात गेल्यावर सिस्टर परत वाचायची, म्या परत म्हणायचं. कितीबी घाई असू दे. एकदा एक कॅप्टन ओरडले, "माताजी, जल्दी!" म्या नाव पुरं केलं आन् मगच बॅग सोडली.

आता सुनीताचं सांगते.

जानेवारीचा महिना हुता, धुकं पडलेलं. चंदीगडला धुकं पडलं की समोरचा दिवा दिसत न्हाई, नुसता पिवळा डाग दिसतो. मी सकाळी ड्यूटीवर आले तर सुभेदार साहेब आधीच खुर्चीत बसलेले आन् टेबलावर कार्डांची रांग.

छावणीत तवा एक मराठा बटालियन हुती. तिथले नाईक संभाजी शिंदे, साताऱ्याकडचे. त्यांची बायको सुनीता. आठवा महिना. वार खाली सरकली हुती, पहाटेपासनं रक्त जात हुतं. सर्जन साहेबांनी बॅगा मागवल्या. ग्रुप बी पॉझिटिव्ह. फ्रिजात त्या ग्रुपाच्या बॅगा हुत्या. सगळ्या एकेक करून लावल्या. सगळ्या वर अडकल्या. ओ ग्रुपच्याबी लावून बघितल्या, त्याबी वरच. लाल पट्ट्याच पट्ट्या.

आमच्या लॅबच्या ऑफिसर मेजर मॅडम नागपूरच्या. वयानं माझ्या पोरापेक्षा थोड्याच मोठ्या, मला मावशी म्हणायच्या. त्यांनी सुनीताच्या पेशी सुनीताच्याच पाण्यात लावल्या. त्या तळाला बसल्या.

"स्वतःशी भांडण नाहीये हिचं," मॅडम म्हणल्या. "दुसऱ्यांशी आहे. मावशी, वॉर्डात विचारून या, आधी रक्त चढलं होतं का. बाळंतपणं किती."

मी गेले. सुनीता कुशीवर पडली हुती. ओठ पांढरे. म्हणली, पहिली मुलगी गावाकडं झाली, तवा लई रक्त गेलं हुतं आन् बॅगा चढवल्या हुत्या. दुसरा मुलगा झाला. त्यो हळदीसारखा पिवळा पडला आन् गेला.

"कावीळ म्हणले," सुनीता म्हणली. "मावशी, ह्येबी तसंच हुईल का?"

म्हणलं, "तू बोलू नगंस. दम धर."

मॅडमनी ऐकून घेतलं आन् फोन उचलला. कुठल्या खुणेशी भांडण हाय ते शोधायला अकरा बाटल्यांची एक पेटी लागती. प्रत्येक बाटलीत वेगळ्या खुणांच्या पेशी. कुठल्या बाटल्या वर अडकल्या आन् कुठल्या तळाला गेल्या त्यावरनं खूण काढायची. ती पेटी आमच्याकडं नव्हती. सेक्टर बत्तीसच्या मोठ्या हॉस्पिटलात हुती.

"सँपल पाठवते," मॅडम फोनवर म्हणल्या. "हो, आत्ता. ब्लीडिंग चालू आहे." फोन ठेवून म्हणल्या, "मावशी, तुम्ही जा."

"जी."

ड्रायव्हर हरयाणाचा. अँब्युलन्सचा दिवा लावला तरी धुक्यात कोण बघणार? चौकाचौकात त्यो काच खाली करून तोंड बाहेर काढायचा आन् हॉर्न दाबायचा. म्या बर्फाचा डबा मांडीवर धरला हुता. त्यो म्हणला, "माताजी, डर लग रहा है?" म्हणलं, "आप सामने देखो."

सेक्टर बत्तीसच्या लॅबमध्ये एक तरणी डॉक्टर दारातच उभी हुती. तिनं डबा घेतला आन् मला बाकड्यावर बसवलं, चहा दिला. चहा संपला, पुढं लई वेळ गेला. मग ती एक कागद घेऊन आली आन् मॅडमना फोन लावला. दोन हत्यारं निघाली हुती, एक न्हाई. एकाचं नाव स्मॉल सी, दुसऱ्याचं किड. दोन्ही खुणा ज्याच्या रक्तात न्हाईत असाच माणूस पायजे, आन् ग्रुप जुळणारा. असं रक्त कमी मिळतं. त्यांच्या फ्रिजात शोधून एक बॅग निघाली. एकच.

ती बॅग घेऊन मी माघारी आले. नाव म्हणून घेतलं, नाव म्हणून दिलं.

सर्जन साहेब लॅबच्या दारात आले. कधी यायचे न्हाईत. म्हणले, "मेजर, एक नाही चालणार. दोन हातात असल्याशिवाय मला पोट उघडायचं नाही. आणि ब्लीडिंग वाढलं तर एका बॅगेवरच आत जावं लागेल. काय होईल ते तुम्हांला माहीत आहे."

"येस सर. शोधतोय."

तवर बाहेरच्या कॉरिडॉरात अख्खी शिंद्यांची भावकी उभी हुती. संभाजी, त्याचा सख्खा भाऊ, दोन चुलतभाऊ, सगळे त्याच पलटणीतले. सगळ्यांनी थंडीत बाह्या वर केलेल्या. आमच्याकडं असंच हाय. घरच्या बाईला रक्त लागलं तर आधी घरचे पुरुष उभे राहणार. परक्याचं घेणं म्हंजी कमीपणा.

संभाजी सगळ्यात पुढं. "मॅडम, माझंच काढा. माझा ग्रुपबी बी पॉझिटिव्ह हाय, गळ्यातल्या बिल्ल्यावर लिवलंय बघा. किती काढायचं तेवढं काढा."

"थांबा. आधी तपासायचं."

"तपासायचं काय त्यात? माझी बायको हाय ती."

सुभेदार साहेबांनी त्याच्या पेशी लावल्या. भावाच्या लावल्या, चुलतभावांच्या लावल्या. कार्ड ऊबेत ठेवलं, फिरवलं, काढलं. संभाजी मानेवरनं वाकून बघत हुता.

"तेरा तो सबसे ऊपर है, नायक," साहेब म्हणले.

संभाजीचं तोंड खुललं. "वर म्हंजी चांगलं ना, मावशी?"

"न्हाई रे," मी म्हणले. "वर म्हंजी भांडण."

त्याला समजंना. मॅडमनी त्याला स्टुलावर बसवलं. म्हणल्या, "नाईक, नीट ऐका. तुमच्या मुलांमध्ये तुमच्या रक्ताच्या खुणा आल्या. बाळंतपणात ते रक्त थोडं तिच्या अंगात गेलं. तिच्या रक्तानं त्या खुणा परक्या धरल्या. पहिल्या वेळी गावाकडं बॅगा चढल्या, त्यातूनही असेल. एकदा परकं धरलं की रक्त ते विसरत नाही. वरवर तपासलं तर कधी दिसतही नाही, पण पुन्हा तेच आत आलं की ओळखतं. म्हणून तुमचं तिला देता येत नाही. तुमच्या भावांचंही तसंच आलंय."

संभाजीनं गळ्यातला बिल्ला मुठीत धरला. मग म्हणला, "मॅडम, मागचं लेकरू पिवळं पडून गेलं. ते ह्याच्यानंच?"

"बहुतेक."

"म्हंजी माझ्यामुळं."

"नाही. कुणामुळेच नाही. तेव्हा कुणी तपासलं नव्हतं, एवढंच."

त्यानं बाही खाली घेतली आन् बटण लावलं. पलीकडं त्याच्या भावानं विचारलं, "मग आता काय करायचं?"

मॅडम सुभेदार साहेबांना म्हणल्या, "नवऱ्याकडचे नको. तिच्या रक्ताचे शोधू. भाऊ, बहीण, चुलत, मावस. त्यांच्यात मिळायचा चान्स जास्त." माझ्याकडं वळल्या. "मावशी, तिला विचारा. माहेरचं कुणी इथं जवळपास आहे का."

मी वॉर्डात गेले. सुनीताला आता डोळं उघडं ठेवणं जड जात हुतं. विचारलं. तिनं आधी दाराकडं बघितलं.

"आप्पादादा हाय. चुलत भाऊ."

"कुठं हाय?"

"हितंच. ह्यांच्याच पलटणीत, कुकहाऊसला. पण मावशी, ह्यांना सांगू नगा मी नाव घेतलं म्हणून."

"का गं?"

"लग्नापासनं बोलत न्हाईत."

लग्नात झालं हुतं असं. आपल्याकडं नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. भईणीला नीट सांभाळ म्हणून. मग नवऱ्याकडनं त्याला मान द्यायचा, फेटा न्हाईतर कापड. सुनीताला सख्खा भाऊ न्हाई, म्हणून कानपिळीला आप्पा. हवालदार कुक आप्पासो बाबर, कणीक मळून मळून हात लोखंडी झालेला माणूस. आन् ही सोयरीक त्यानंच जुळवलेली. त्यानं हौसेनं कान पिळला त्यो जरा जास्तीच पिळला. संभाजी पाटावरनं उठला. शिंदे म्हणले, फेटा न्हाई, टॉवेल घ्या. आप्पानं टॉवेल मांडवातच टाकला आन् न जेवता गेला. तवापासनं संभाजी रोज आप्पाच्या हातचं जेवायचा, पण ताट पुढं करायचा आन् तोंड फिरवायचा. आप्पाबी भाजी वाढताना दुसऱ्या कुणाशी तरी बोलायचा.

मी लॅबमध्ये येऊन मॅडमना सांगितलं. संभाजी तिथंच उभा हुता. सुनीतानं नगं सांगितलं हुतं, पण लपवायला वेळ नव्हता.

"नाईक," मॅडम म्हणल्या, "फोन लावा त्यांना."

"मॅडम, दुसऱ्या कुणाला..."

"ऑर्डर आहे."

त्यानं लॅबचा फोन उचलला. कुकहाऊसचा नंबर त्याला पाठ हुता. स्पीकर सुरू हुता, सगळ्यांना ऐकू येत हुतं.

"कुकहाऊस."

संभाजीनं फोनची वायर बोटाला गुंडाळली.

"अरे कोण हाय? बोल लवकर, दाळ उतू चाललीय."

"दादा."

मग आवाज आला, "कोण दादा? मला टॉवेलवाले दादा म्हणत न्हाईत."

"दादा, सुनीताला रक्त पायजे. आमच्यातलं कुणाचं चालत न्हाई. माझंबी न्हाई."

काहीतरी खाली आपटल्याचा आवाज आला. "सुनीताला काय झालंय? आन् हे तू मला आत्ता सांगतोस व्हय रं?" मग लांबनं, दुसऱ्याला ओरडलेलं, "गॅस बारीक कर! आन् मीठ टाकलंय, परत टाकू नगंस!"

फोन तसाच लोंबकळत राहिला हुता तिकडं, कारण दाळीचा आवाज लई वेळ येत हुता.

आप्पा आला त्यो ऍप्रनवरच. कोपरापर्यंत पीठ. त्यानं संभाजीकडं बघितलं न्हाई, सरळ मला म्हणला, "मावशी, हात कुठं धुवू?" म्या नळ दाखवला. धुता धुता बोलत हुता, संभाजीला ऐकू जाईल असं. "लग्नात फेटा द्यायला हात आखडला. आता रक्त मागायला बरा लांब झाला."

"दादा, नंतर मारा पायजे तर," संभाजी म्हणला.

"मारतो का काय. तुझा कान तेवढा परत बघतो."

सुभेदार साहेबांनी सँपल घेतलं. ग्रुप बघितला. बी पॉझिटिव्ह. कार्ड लावलं, ऊबेत ठेवलं. ती ऊबेची वेळ कमी करता येत न्हाई, कुणी ब्रिगेडियर आला तरी. कॉरिडॉरात सगळी भावकी भिंतीला टेकून. आप्पा स्टुलावर बसला हुता.

वॉर्डातनं सिस्टरचा फोन आला. "सर्जन साहब पूछ रहे हैं, दूसरी बॅग?"

"टेस्ट चल रहा है," साहेब म्हणले. "वेट."

कार्ड फिरलं. मशीन थांबली. साहेबांनी कार्ड काढलं आन् उजेडाला धरलं, पहिल्या दिवशी माझी ट्यूब धरली हुती तसं.

"नीचे," ते म्हणले. "पूरा नीचे."

आप्पाचं तोंड पडलं. "खाली? म्हंजी मीबी नापास?"

"न्हाई दादा," संभाजी म्हणला. "खाली म्हंजी पास."

आन् त्यानंच आप्पाच्या ऍप्रनची गाठ सोडली.

पुढचं काम सरळ हुतं, पण भरभर न्हाई. आप्पाच्या बाकीच्या तपासण्या झाल्या. त्याचं रक्त काढलं. नात्यातलं रक्त तसंच द्यायचं नसतं, कधी ते घेणाऱ्याच्याच अंगावर उलटतं, म्हणून त्याला आधी किरणांच्या मशीनमधनं काढावं लागतं. तेबी केलं. तवर सर्जन साहेबांनी सुनीताला टेबलावर घेतलं हुतं. मला बॅग मिळाली. सुभेदार साहेबांनी वाचलं. नंबर आन् रँक नवऱ्याचा, वाइफ ऑफ, सुनीता संभाजी शिंदे, बी पॉझिटिव्ह, मॅच. म्या म्हणलं. ऑपरेशन थेटराच्या दारात सिस्टरनं वाचलं. म्या परत म्हणलं. नाव पुरं केलं आन् बॅग सोडली.

मुलगी झाली. तीबी पिवळी पडली. पण ह्या वेळी सगळ्यांना आधीच ठाऊक हुतं. निळ्या लाइटखाली ठेवली, तिचंबी रक्त रोज तपासलं. कावीळ हळूहळू उतरली. सुनीताला दोन्ही बॅगा चढल्या आन् काही झालं न्हाई. थंडी न्हाई, कंबर न्हाई. मॅडम रोज वॉर्डात जाऊन तिच्या लघवीचा रंग विचारायच्या. सुनीता लाजायची.

डिस्चार्जच्या दिवशी आप्पा शिऱ्याचा डबा घेऊन आला. लेकराला हातात घेतलं, म्हणला, "नाकानं शिंदे दिसतीय. जाऊ दे, मोठी झाली की सुधरंल." संभाजीला म्हणला, "जावळाला मामाची मांडी लागती. फेटा तयार ठेव."

"दोन ठेवतो," संभाजी म्हणला. "एक लग्नातला."

आप्पानं त्याचा कान धरला. ह्या वेळी हळू.

जावळ उन्हाळ्यात करायचं ठरलं हुतं. उन्हाळ्यात बटालियनची मूव्ह आली, वर, बर्फात. आप्पा म्हणला, केस वाढू द्या, मी आल्यावर काढू. संभाजीची कंपनी खाली राहिली आन् आप्पाची वरच्या पोस्टवर गेली. पोस्टवर कुक लागतोच. गोळी झाडणाऱ्यालाबी सकाळी गरम पाणी लागतं.

हिवाळ्यात बर्फाचा कडा सुटला. कुकहाऊस त्याच्या खाली आलं. चार जण काढले, त्यात तिघं जिते निघाले. चौथा आप्पा.

लेहवरनं येणारं विमान चंदीगडलाच उतरतं. सुभेदार साहेब तवर पेन्शनीला गेले हुते, पण पगडी बांधून आले. मेजर मॅडम आल्या. मी निळ्या साडीत गेले. झेंड्याची पेटी उतरली. संभाजी एस्कॉर्टला हुता, पेटीबरोबर गावाला जाणार हुता. वर्दीत ताठ उभा. सॅल्यूट झाला. पेटी पुढच्या गाडीत चढवायच्या आधी मॅडमनी तिला हात लावला, तेवढाच. संभाजीच्या पाठीवरच्या पिशवीतनं फेट्याचं गुलाबी टोक दिसत हुतं. म्या ते आत सारलं आन् बंद लावला.

जावळ त्यानंतर झालं, इथंच, पलटणीच्या मंदिरात. पाटावर मामाच्या जागी दोन फेटे ठेवले. लेकराला म्या मांडीवर घेतलं. पलटणीचा न्हावी हुता. मुलगी लई रडली. संभाजी बाजूला उभा राहून तिच्या केसांचा पुंजका कणकेच्या गोळ्यात धरत हुता. कणीक मळलेली सुनीतानं.

मॅडमनी मला एकदा सांगितलं हुतं, दिलेलं रक्त अंगात तीन-चार महिने टिकतं, मग नवं तयार हुतं. म्हंजी आप्पा गेला तवा त्याचं रक्त सुनीताच्या अंगात राहिलं नव्हतं. म्या हे तिला कधी बोलले न्हाई. ती आता सातारला असती. मुलगी शाळेत जाती, नाक शिंद्याचंच हाय.

मी किती बॅगा पोचवल्या ते मोजलं न्हाई. प्रत्येक बॅगेवरचं घेणाऱ्याचं नाव म्या मोठ्यानं म्हणलं. देणाऱ्याचं नाव बॅगेवर कधी नसतं. तिथं नुसता नंबर असतो. म्हणून ह्या एका बॅगेचं नाव आज तुम्हांला सांगते, नीट ऐका.

हवालदार कुक आप्पासो बाबर. मराठा बटालियन. बी पॉझिटिव्ह.

मॅच.